लाल आणि पिवळी एकाच डब्यात

मी डबा बोलतोय. लाडवांचा नाही, लोणच्याचाही नाही, काडतुसांचा. अंग लोखंडी, रंग शेवाळी, वर उचलायला कडी, बाजूला खटका आणि झाकणाच्या आत रबराची पट्टी. ती पट्टी म्हणजे माझा जीव. ती धड असेल तर पोटात दमट हवा शिरत नाही, पाण्याचा थेंब शिरत नाही. ती वाळून चिरली, की मी हातोडी आणि खिळे ठेवण्याच्या लायकीचा उरतो.

कारखान्यात जन्मलो आणि अंगावरचा रंग वाळतोय तोच सैन्यात भरती झालो. माझ्या कुशीवर पिवळ्या अक्षरांत आत काय आहे ते छापलेलं होतं, त्यामुळे मला वाटलं, आता रणांगण बघायला मिळणार. प्रत्यक्षात मला एका सरावाच्या मैदानावर नेलं. तिथे पोरंसोरं दिवसभर पालथी पडून समोरच्या मातीच्या ढिगाला गोळ्या घालत. माझ्या सगळ्या गोळ्या त्या ढिगातच गेल्या. शत्रूचं तोंड मी काही पाहिलं नाही, पण वर्दीत होतो एवढं मात्र अजून रुबाबात सांगतो.

पोट रिकामं झाल्यावर लष्कराने मला भंगाराच्या भावात काढलं आणि मी अमेरिकेतल्या साउथ डकोटात एका गावी गेलन नावाच्या माणसाच्या दुकानात येऊन पडलो. सैन्यातून उतरलेले बूट, घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या आणि आम्ही डबे, असा त्याचा संसार. तिथे बसून मी माणसं बघितली. बैलाचे दात बघावेत तशी ती आमची झाकणं उघडून बघायची. कुणाला मासेमारीचे गळ ठेवायला डबा हवा असायचा, कुणाला तंबूत नेताना शौचाचा कागद कोरडा ठेवायला. एका बाईंनी माझ्या धाकट्या भावाला सुईदोऱ्यासाठी नेलं. इतक्या वर्षांच्या कवायतीनंतर नशिबी बटणं आली म्हणून तो हिरमुसला होता.

मग एक दिवस व्हर्लिन आणि आर्लिस आले.

व्हर्लिन साठी ओलांडलेला शेतकरी. मका आणि सोयाबीन आता भाच्याला कसायला दिलेलं, पण बियाण्याच्या कंपनीची टोपी काही डोक्यावरून उतरत नव्हती. आर्लिस त्याची बायको. आधीच्या वर्षी त्यांनी काडतुसं मोटारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवली होती. खोकी दमटली, काडतुसांच्या पितळेवर हिरवं चढलं आणि ऐन शिकारीत काही उडालीच नाहीत. तेव्हा आता लोखंडी डबा, असं व्हर्लिनने ठरवलं होतं. आणि त्याने ठरवलं की तो त्या विषयातला तज्ज्ञच होतो.

त्याने मला उलटं करून बुडाचा गंज पाहिला. बिजागरी हलवली. रबरावरून अंगठा फिरवला. वर्तमानपत्राची पट्टी झाकणात अडकवून खटका लावला आणि ती ओढून पाहिली. कुठूनच सुटेना, तेव्हा मान डोलावली. मग नाक आत घालून मोठा श्वास घेतला. आत काय वास यायला हवा होता ते त्यालाही ठाऊक नसावं, पण परीक्षेत नाक असायलाच हवं अशी त्याची समजूत होती.

आर्लिसचं म्हणणं साधं होतं. हा एक जाडजूड डबा नको, लहान दोन घेऊ या. त्याची बंदूक बारा बोरची, तिची वीस बोरची. या धंद्यातलं गणित उलटं असतं. आकडा मोठा तितकं काडतूस बारीक. तिची बारीक काडतुसं पिवळी, त्याची जाड काडतुसं लाल. दोघांची वेगळी राहू देत, असं ती सांगत होती. गेलनही म्हणाला, की मोठा डबा दुकानात सगळे उचलतात, कारण इथे तो रिकामा असतो.

व्हर्लिन मला बगलेत मारून म्हणाला, "चाळीस वर्षं संसार एक आहे, मग डबा एक का नको?"

"संसार मी उचलते," आर्लिस म्हणाली. "डबा तू उचलणार आहेस."

घरी आल्यावर त्याने मला गुरांच्या पाण्याच्या हौदात बुडवलं. वर दगड ठेवला आणि बुडबुडे येतात का ते बघत उकिडवा बसला. एकही आला नाही. माझी छाती अभिमानाने फुगली. पण बाहेर काढल्यावर अंग वाळवायला त्याने काय करावं? मला उघडून स्वयंपाकघरात भट्टीच्या उघड्या दारावर ठेवलं, आणि आत आर्लिसचं कूखन, म्हणजे जर्मन धाटणीचा केक, भाजत होतं, आलुबुखार घालून, वर साय ओतून. त्या रात्रीच्या कूखनला रबराचा वास होता. व्हर्लिनने दोन तुकडे मागून खाल्ले आणि छान झालंय म्हणाला. नवऱ्यांना कधीकधी इतपत अक्कल असते.

नंतर भरणी. आधी त्याने खोकी जशीच्या तशी आत रचली. खोक्यांनी जागा फार खाल्ली, म्हणून मग सगळी फाडून काडतुसं सुटी ओतली. लाल आणि पिवळी, एकात एक. आर्लिसने हटकलं तर म्हणाला, रंग वेगळे आहेत, आंधळ्यालाही कळेल. बुटांच्या खोक्यात येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या मात्र आठवणीने टाकल्या. ओलीची इतकी काळजी आणि मिसळीची काहीच नाही, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. मग मला तळघरातल्या कुलपाच्या कपाटात न्यायला तो उठला, आणि माझं वजन त्याला कळलं. आर्लिसचा हात त्याने नाकारला. एकेक पायरी मला आदळत खाली नेलं आणि पुढचा आठवडाभर पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण त्या घरात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती, आणि नेमकी तिच्यावरच सगळे हसत. व्हर्लिन विसरायला लागला होता. चष्मा, नावं, उघडं राहिलेलं गोठ्याचं फाटक. आर्लिस चिडवायची, तोही हसायचा. मुलगा ट्रेंट मात्र शहरातून फोनवर म्हणाला होता, की बाबांनी बंदूक आता ठेवून द्यावी. व्हर्लिन चिडला नाही. माझ्यासमोर, कपाट उघडं असताना, तो बायकोला म्हणाला, "यंदा बंदुकीच्या बाबतीत एकदा जरी विसरलो, तर मीच ठेवून देईन. ट्रेंटला सांगावं लागणार नाही."

व्हर्लिन आपल्या भावाबरोबर जन्मभर शिकारीला गेलेला. भाऊ वारल्यावर एक हंगाम घरात बसून होता. त्याला बाहेर काढायला म्हणून आर्लिस पन्नाशीनंतर बंदूक चालवायला शिकली. आता हंगामाचा पहिला दिवस त्या दोघांचा होता. तो दिवस हातचा गेला असता तर व्हर्लिनपाशी काय उरलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ऑक्टोबरातला हंगामाचा पहिला शनिवार उजाडला. सकाळी चर्चच्या तळघरात सगळ्या गावाने पॅनकेक खाल्ले, शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या घातल्या आणि जो तो आपापल्या शेताकडे निघाला. आम्ही कापणी झालेल्या मक्याच्या कडेला थांबलो. गाडीचं मागचं फळकूट पाडून व्हर्लिनने मला त्यावर ठेवलं आणि माझं झाकण उघडलं. ऊन होतं, पण वारा असा बोचरा, की हातमोजे काढवत नव्हते.

व्हर्लिनची बंदूक वडिलांची, एकनळी, मधून मोडून भरायची. तो शेजाऱ्याच्या नव्या कापणी यंत्राला नावं ठेवत होता. एवढं मोठं यंत्र आणि एवढं लहान शेत, असं काहीसं चाललं होतं. बोलता बोलता, नजर शेतावर ठेवून, त्याने हात माझ्यात घातला, एक काडतूस उचललं, नळीत सोडलं आणि बंदूक मिटली. मी पाहिलं. ते पिवळं होतं. मला तोंड असून बोलता येत नाही, ही गोष्ट मला त्या दिवसाइतकी कधी बोचली नव्हती.

तेवढ्यात त्यांची शिकारी कुत्री कडेच्या गवतात घुसली आणि लांब शेपटीचा फेझंट, रानकोंबड्याचा भाऊबंद, फडफडत उठला, सरळ डोक्यावरून. व्हर्लिनने नेम धरला, चाप ओढला. नुसतं खट्ट झालं. पक्षी आरामात रस्ता ओलांडून गेला.

त्याने बंदूक मोडून पाहिलं. मागून नळी रिकामी दिसत होती.

"भरायला विसरलास ना," आर्लिस सवयीने हसत म्हणाली.

व्हर्लिन हसला नाही. कपाटासमोर दिलेला शब्द त्याला आठवला असावा. "विसरलो," तो म्हणाला. मग जणू काही झालंच नाही असं दाखवायला त्याने घाईने माझ्यात हात घातला, यावेळी बघून, नीट निवडून लाल काडतूस काढलं आणि नळीकडे नेलं.

काय होणार होतं ते मला कळत होतं. बारीक पिवळं काडतूस जाड नळीत मागे टिकत नाही. घसरून पुढे जातं आणि मध्येच अडकतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. त्यामागे लाल भरून चाप ओढला, तर पोलाद फाटतं आणि पुढे धरलेला डावा हात जातो. कुणाकुणाचा जीवही जातो.

आर्लिसने त्याचं मनगट धरलं. तिचं हसू गेलं होतं.

"थांब. तू विसरला नव्हतास."

"अगं, रिकामी आहे. बघ की."

"मी बघत होते तुझ्याकडे. बोलता बोलता भरलीस. हाताकडे न बघता भरतोस म्हणून रागच आला होता मला. तू भरली होतीस, व्हर्लिन."

"मग गेलं कुठे?"

"उघडी आहे तशीच आभाळाकडे धर आणि मागून आत बघ."

तो बघेना. बायको आपल्याला सांभाळून घेतेय, असं त्याला वाटत होतं. लोकांना कीव येते तेव्हा ते असंच बोलतात, हे त्याला या वर्षात कळलं होतं. शेवटी तिनेच त्याच्या हातातून लाल काडतूस काढून घेतलं आणि तो नाइलाजाने नळीला डोळा लावून उभा राहिला. आभाळ लख्ख होतं. पण नळीतून त्याचा उजेड दिसला नाही, मध्येच काहीतरी अडकलं होतं.

त्याने डोळा बाजूला घेतला. मग बंदूक फळकुटावर ठेवून माझ्याशेजारी बसला. हातमोजा काढून त्याने आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला. आर्लिस रडत होती. मीच हसले, मीच तुला दुसरं भरायला लावलं असतं, असं काहीतरी ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तो तिला म्हणाला, की डबा एकच हवा हा हट्ट माझा होता. पण त्याच्या डोळ्यांत भीतीबरोबर आणखीही काही होतं, आणि मला ते आनंदासारखं दिसलं. तो विसरला नव्हता.

सोमवारी दोघे गेलनकडे जाऊन माझ्या जातीचा एक लहान डबा घेऊन आले. त्यात तिची पिवळी काडतुसं गेली, आपापल्या खोक्यांसकट. आम्ही दोघे तळघरातल्या त्याच कपाटात राहतो, पण वेगवेगळ्या फळ्यांवर, फरशीच्या गारव्यापासून वर. माझ्यात आता फक्त लाल आहेत आणि वरती बरीच जागा मोकळी आहे. व्हर्लिन मला एका हाताने उचलतो आणि बायकोकडे बघत नाही. तेव्हा तुम्ही कधी डबा निवडायला निघालात, तर रबर बघा, गंज बघा, हौस असेल तर हौदातही बुडवा. पण एका डब्यात एकाच बंदुकीची काडतुसं ठेवा, आणि आत काय आहे ते वर मोठ्या अक्षरात लिहा. नळीच्या लोखंडाला सगळे रंग सारखेच.

एवढं सांगून मी गप्प बसलो असतो. पण नाताळाच्या आधी एक गोष्ट घडली.

त्या शनिवारनंतर आर्लिसने नवऱ्याला चिडवणं सोडलं होतं. चष्मा हरवला की मुकाट्याने शोधून द्यायची. नाव आठवेना की हळूच सांगायची. एक दिवस गाडीची किल्ली सापडेना. सगळं घर धुंडाळून झाल्यावर ती तळघरात आली, कपाट उघडलं आणि माझं झाकण काढलं. किल्ली लाल काडतुसांवर आरामात पडली होती. आदल्या दिवशी त्यानेच ठेवलेली. मागे व्हर्लिन उभा होता. तिने काही न बोलता किल्ली त्याच्या हातात दिली.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"पूर्वी बोलायचीस ते. तू गप्प राहिलीस ना, की मला वाटतं, मला खरंच काहीतरी झालंय."

आर्लिसने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने कमरेवर हात ठेवला.

"किल्लीला ओल लागेल म्हणून ठेवली होतीस का रे? मग पुडीपण टाकायचीस की सोबत. आणि गाडी कुठेय आपली, की तीसुद्धा दुसऱ्या डब्यात भरलीस?"

तो हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. तिने झाकण लावून खटका दाबला, कपाटाला कुलूप घातलं, आणि त्या दोघांचं भांडण जिना चढत वर गेलं.