माहितीदाता क्रमांक नऊ

चहाचा ट्रे दोन्ही हातांत धरून दगानं खोली क्रमांक चारचं दार पायानंच ढकललं. आत पडद्यावर मिरचीची वाळलेली झाडं दिसत होती आणि एक सर मर रोगाच्या बुरशीबद्दल घाईघाईनं वाचत होते, कारण प्रत्येकाला सातच मिनिटं मिळाली होती. दगानं कप वाटता वाटता सगळे चेहरे बघून घेतले. नूतन मॅडम यात नव्हत्या.

शहाद्याजवळच्या त्या कॉलेजात आज बहुविद्याशाखीय राष्ट्रीय परिषद होती. नाव भारदस्त, पण जगातला कुठलाही विषय चालेल एवढाच त्याचा अर्थ. पाच खोल्या आणि त्र्याऐंशी निबंध. मिरचीशेजारी जीएसटी, जीएसटीशेजारी भिल्ली लग्नगीतं, त्यांच्या पलीकडे खो-खो खेळणाऱ्या मुलींची फुप्फुसं. सगळे एकाच मांडवात जेवणार आणि एकाच जाडजूड अंकात छापले जाणार. दगा पाटील इथं सव्वीस वर्षं शिपाई होता. अशा परिषदा त्यानं डझनभर पार पाडल्या होत्या आणि त्यांतलं त्याला फक्त खुर्च्यांचं गणित कळायचं.

संशोधन करणाऱ्यांना मात्र दगा फार सोयीचा. त्याचं गाव तापीकाठी, सोळा किलोमीटरवर, यष्टी थेट दारापर्यंत जाते. आणि शिपायाला कुणाला नाही म्हणता येत नाही. ज्याला अभ्यासाला गाव हवं, त्याला दगाचं गाव मिळे. वनस्पतीशास्त्रवाल्यांनी त्याच्या भावाच्या शेतातली माती पिशव्या भरभरून नेली. प्राणीशास्त्रवाल्यांनी घरादाराचं रक्त तपासलं. अर्थशास्त्राच्या एका बाईंनी भिकुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, बचत गटावर साठ प्रश्न विचारले आणि ती बिचारी भाजी करपेपर्यंत उत्तरं देत बसली. या लोकांचा एक फॉर्म असायचा, संमतिपत्र म्हणतात त्याला. गावकरी सही करायला कां-कूं करायचे. मग दगा पुढं होऊन सांगायचा, "सरकारी काही नही शे, करी द्या सही." तासाभरात चाळीस फॉर्म तो गोळा करून देई. न वाचताच, अर्थात. एवढं कुणी वाचत बसलं तर संशोधन व्हायचं कधी? प्राध्यापक त्याची पाठ थोपटत आणि तो दोन दिवस हवेत असे.

आठ वर्षांपूर्वी नूतन मॅडम अहिराणीवर पीएच.डी. करायला आल्या तेव्हाही असंच झालं. ओट्यावर बसून त्यांनी गावातल्या वीस जणांचं बोलणं मोबाइलवर टिपून घेतलं. त्यात दगाची एकुलती एक मुलगी ममता होती; बापाला ती दादा म्हणायची. बारा वर्षांची होती तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी ममता तापानं गेली. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. बारावी पास झाली होती आणि याच कॉलेजात प्रवेशाचा अर्ज भरून झाला होता.

फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत. घरातल्या एकुलत्या मोठ्या मोबाइलमध्ये तिचे दोन-चार व्हिडिओ होते; तो मागच्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यात पडला आणि नंदुरबारच्या तिन्ही दुकानदारांनी हात वर केले. तरी दिवस निभत होते. पण महिन्यापूर्वी एका सकाळी भाकरी थापता थापता भिकुबाईचा हात थांबला.

"तिना आवाज माले आते याद येत नही," ती म्हणाली. "तोंड दिखस, व्हट हालतस, पन आवाज येत नही."

दगानं डोळे मिटून पाहिले. त्यालाही आला नाही. पोरगी दुसऱ्यांदा चालली होती, आणि या खेपेला धावत जाऊन कुणाला बोलावणार?

नूतन मॅडमचा जुना नंबर लागत नव्हता. त्या कुठल्या गावी नोकरीला लागल्या, ते कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मागच्या आठवड्यात परिषदेच्या पत्रिकांना पिना मारताना त्याला त्यांचं नाव दिसलं. खोली दोन, बारा वाजता. त्यानं ते तीनदा वाचलं. आज निघताना भिकुबाई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आवाज लई या." आवाज घेऊन या, एवढंच.

पण पत्रिकेप्रमाणे काही घडेल तर ती परिषद कसली. पाहुण्यांचं उद्घाटनाचं भाषण तासभर लांबलं, खोल्यांची अदलाबदल झाली आणि भाषेचे निबंध थोडे म्हणून ते कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत ढकलले गेले. कुठल्या, ते सांगायला कुणी मोकळं नव्हतं. संयोजक धीरज सरांनी दगाला मांडवात थांबायला सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं सांगितलेलं ऐकलं नाही. ट्रे घेऊन तो खोल्या धुंडाळत सुटला.

खोली एकमध्ये सिकलसेलचा तक्ता होता. वर लिहिलं होतं, गाव 'क'. तपासलेल्यांचा आकडा पाहून त्यानं ओळखलं, हे आपलंच गाव. खोली तीनमध्ये बचत गटाच्या बायकांची टक्केवारी चालली होती. 'समाधानी' म्हणणाऱ्या बासष्ट टक्क्यांत भिकुबाई कुठंतरी बसलेली असणार. मघाशी मिरचीच्या खोलीतली माती बहुतेक भावाचीच. सगळं घर असं खोलीखोलीत वाटून गेलं होतं, आणि एका खोलीतल्या माणसाला दुसऱ्या खोलीत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. ममता कुठल्या खोलीत आहे, एवढंच त्याला हवं होतं.

खो-खोच्या फुप्फुसांनंतर, खोली पाचमध्ये, नूतन मॅडम वाचायला उभ्या राहिल्या. केस थोडे पिकले होते, आवाज तोच. दगा रिकामा ट्रे घेऊन दाराशी सात मिनिटं उभा राहिला. त्या बाहेर आल्या आणि त्यांनीच ओळखलं.

"दगाभाऊ! ममता कशी आहे? कॉलेजात असेल आता."

त्यानं सांगितलं. मॅडमनी भिंतीला हात टेकला. त्यांचं सांत्वन पुरं होईपर्यंत त्याला धीर धरवला नाही.

"मॅडम, तिचा आवाज तुमच्यापाशी आहे. तेवढा मला द्या. दुसरं काही नको."

एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं मॅडमनी सांगितलं, की प्रबंध मंजूर झाला की ध्वनिमुद्रणं नष्ट करायची असा नियम होता. लोकांचं खाजगी बोलणं पुढं कुणाच्या हाती पडू नये म्हणून. लहान मुलांचं तर आधी. मार्गदर्शकांच्या समोर बसून त्यांनी सगळं पुसलं, मेमरी कार्डसुद्धा कात्रीनं कापलं. संमतिपत्रावर ते छापलेलं होतं.

"फॉर्मवर सही कोनी करी व्हती?" दगानं विचारलं. मॅडमशी बोलताना राखून ठेवलेली शाळेतली मराठी केव्हा सुटली, त्याला कळलं नाही.

मॅडमनी खाली पाहिलं. "तुम्हीच, दगाभाऊ."

मग तो विनवण्या करत राहिला. कॉम्प्युटरमां कोठेतरी ऱ्हाई जास, मॅडम, आठे कालेजमां हुशार पोरं शेत, त्या काढी देतस. गाण्याचा नको, गोष्टीचा नको, नुसतं नाव सांगितलेलं असलं तरी चालेल. येणारे-जाणारे प्राध्यापक हातातल्या प्लेटी सावरत त्यांच्याकडे बघत होते. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी नियमानं वागले," त्या म्हणाल्या. "आज वाटतं, वागले नसते तर बरं झालं असतं. पण प्रबंधात आहे ती. शब्द न् शब्द लिहिलाय. परिशिष्ट तीन. एक प्रत तुमच्याच ग्रंथालयात दिली होती मी."

दिली होती, आणि तिच्यावर शिक्का दगानंच मारला होता. कपाशीच्या बोंडअळीवरच्या आणि साखर कारखान्यांवरच्या प्रबंधांमध्ये, वरच्या फळीवर ती पाच वर्षं उभी होती. दर दिवाळीला तो तिच्यावरची धूळ झटकत आला होता. त्यानं स्टुलावर चढून ती काढली. माहितीदाता क्र. ९. स्त्री. वय १२. दीड पान. शेवटी संमतिपत्राचा नमुना जोडला होता. विसांतलं नेमकं त्याचंच मॅडमनी निवडलं होतं, कारण अक्षर सर्वांत नेटकं. सहीच्या वरच्या ओळीत सगळं स्पष्ट छापलेलं होतं. ते त्यानं आता वाचलं.

दीड पानाची झेरॉक्स खिशात घालून तो सहाच्या यष्टीनं घरी आला. भिकुबाईनं पिठाच्या गिरणीकडची खिडकी लावून घेतली होती. शेजारच्या कमलबाईला टीव्ही बंद ठेवायला सांगितलं होतं. जमीन सारवून ती भिंतीशी, लग्नातलं लुगडं नेसून बसली होती.

"लयना?"

त्यानं सगळं सांगितलं. सही कोणाची, तेही लपवलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

"काय लिखेल शे ते वाचा," ती म्हणाली.

दगा वाचू लागला. आयुष्यभर वर्गावर्गांत सूचना वाचून दाखवल्या होत्या, तसंच त्यानं कंसातलंही काही सोडलं नाही.

"काल मी ओटावर बठेल व्हतू. मन्हा दादा यष्टीमाईन उतरना. कंसात, खोकला. त्यानी दोन केया आन्यात. एक माले, एक मायले. त्याले नही." केळी तो खरंच दोनच आणायचा.

"खोकला व्हता तिले तवय," भिकुबाई म्हणाली. "मी अडुळसाना काढा दिधा व्हता."

"मंग मॅडम इचारतीस, मोठी झाल्यावर काय करशील? कंसात, विराम, तीन सेकंद."

तो थांबला. कागदावर लिहिलं होतं म्हणून थांबला. तीन सेकंद फार असतात. लावलेल्या खिडकीतूनही गिरणीची घरघर येत होती आणि दोघं जण, ती काय म्हणते म्हणून, वाट बघत होते.

"मी बी कालेजमां जासू. मंग दादा माले चहा देई."

त्याच्यानं पुढं वाचवेना. दिवसभरात दिलेले दोनशे कप त्याच्या डोळ्यांपुढून गेले. भिकुबाई सरकत जवळ आली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागदात वाकून पाहिलं.

"पुढे काय शे?"

"कंस शे. हासस, आसं लिखेल शे."

"कशी?" तिनं विचारलं.

दगानं कंसावर बोट ठेवलं. तिथं तेवढंच होतं.