आभारातलं नाव

सोपानमामा सांगलीला कॉलेजात आले तेव्हा अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट होता आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आठ कागद होते. ते कागद तिथं पीएचडी करणाऱ्या शिफानंच त्यांना दिले होते. पंधरा दिवसांपूर्वी साताऱ्याचे कंदी पेढे आणि छापून आलेल्या लेखाची प्रत घेऊन ती तासगावला गेली होती. ज्या बेदाणा शेडवर तिनं दोन हंगाम काढले, तिथले सोपान बनसोडे हे मुकादम. शेवटच्या पानावर, आभाराच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली होती, "मामा, हे बघा तुमचं नाव." पेढे तिथंच फस्त झाले. कागद मात्र मामांनी कोपराही न दुमडता जपले होते.

"ताई, माजं नाव काडा ह्यातनं," मामा खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले.

शिफाला वाटलं, लाजले असतील. "का हो? लिहिण्यात चुकलंय का?"

"नाव बरूबर हाय. त्येच्या वरचं चुकलंय."

आता हे वरचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. द्राक्षाचा बेदाणा करताना घड एका द्रावणात बुडवतात आणि शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सुकत टाकतात. ढगाळ हवा आली की बेदाणा काळा पडतो, आणि काळ्या बेदाण्याकडे बाजारात कुणी ढुंकून बघत नाही. साताऱ्याच्या या पोरीनं पीएचडीसाठी शेंगतेलाचं नवं द्रावण बनवलं. सलग चार दिवस ढग राहिले तरी रॅकच्या दहाही कप्प्यांतला बेदाणा पिवळाधमक राहिला, असं तिच्या लेखात होतं. परदेशातल्या त्या नियतकालिकाच्या तीन परीक्षकांनी सात महिने लेखाचा कीस पाडला होता. दशांशचिन्हापुढचा आकडासुद्धा त्यांनी सोडला नव्हता.

"ढग आलं तवा तुमी हितं परीक्षेला होता," मामा सांगू लागले. "खालचं दोन कप्पं काळं पडलं. म्हटलं, पोरीनं दोन वर्सं खस्ता खाल्ल्या, तिचं काम नासाय नको. काळं सगळं उचाललं आन् मालकाच्या रॅकवरचं चांगलं त्या जागी टाकलं."

शिफाच्या तोंडचं पाणी पळालं. "मला सांगितलं का नाहीत?"

"पाव्हण्याच्या ताटात करपल्याली भाकरी पडली तर आपण बदलतो. सांगत बसतो व्हय?"

त्या माणसानं आपल्या परीनं तिचा मानच राखला होता. असला घोटाळा कुठल्या परीक्षकाच्या स्वप्नातही आला नसता.

"मग आज का सांगताय?"

"दीपमालानं वाचून दावलं. लेक बारावीला हाय माजी, अडत अडत अर्थ सांगत हुती. दाही कप्पं पिवळं, म्हनली. तवाच चर्र झालं, पर गप बसलो." मामांनी पिशवी मांडीवर सरळ केली. "काल तिघं बागायतदार आलं. म्हनलं, सोपाननाना, ह्यो लेख खराच असनार, खाली तुमचं नाव हाय. औंदा सगळा माल ह्याच तेलात बुडवतो. आवं ताई, मानसं माज्या नावावर माल बुडवनार. मला भाकरी गोड लागंना."

शिफाच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती होतीच, पण तो काटा भीतीचा नव्हता. भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं तिनं ते नाव शेवटी घातलं होतं. वर तिचं नाव होतं, सरांचं होतं, दोघांच्या पदव्या होत्या, आणि तासगावच्या त्या तिघांनी यातल्या कुणालाच विचारात घेतलं नव्हतं. त्यांनी खालचं नाव बघितलं आणि लेख खरा मानला. आणि ज्याचं नाव होतं, तो माणूस दिवसाची मजुरी बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून ते काढून घ्यायला आला होता. समोर बसलेल्या त्या किरकोळ अंगाच्या माणसाकडे ती बघतच राहिली. नावाची किंमत काय असते, हे तिला इतक्या वर्षांच्या शिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

ती मामांना घेऊन वीरधवल सरांकडे गेली. सर तिचे मार्गदर्शक. त्यांनी सगळं ऐकून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"दोनच कप्पे ना?" ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, शिफा. लेख मागे घेतलास तर प्रबंध अडकेल. पुढच्या महिन्यात प्राध्यापकाच्या जागेची मुलाखत आहे, ती हातची जाईल. तीन परीक्षकांना काही दिसलं नाही."

"त्यांना दिसणारच नव्हतं, सर. ते शेडवर नव्हते."

सर काही वाईट नव्हते. त्यांना तिचीच काळजी होती, आणि थोडी स्वतःचीही. त्यांनी मामांकडे वळून हळूच विचारलं, "तुम्ही हे बाहेर कुणाला सांगणार आहात का?"

"न्हाई सायेब," मामा म्हणाले. "तुमी सांगायचं. म्हनून तर आलोय."

सरांनी चष्मा परत घातला.

शिफानं त्याच दिवशी संपादकांना पत्र लिहायला घेतलं. झालं तसं लिहिलं: कप्पे किती, काळे किती, बदलले कुणी आणि कशासाठी. मामांच्या सांगण्यावरून त्यांचं नाव मात्र घातलं नाही, ‘शेडचे मुकादम’ एवढंच लिहिलं. सरांची सही लागणार होती. तिसऱ्या दिवशी ते पत्र सहीसकट टेबलावर आलं, आणि शेवटी सरांच्या अक्षरात एक वाक्य जास्तीचं होतं: देखरेख माझी होती, म्हणून चूक माझी आहे. शिफानं ते वाक्य दोनदा वाचलं. मग तासगावला जाऊन तिनं त्या तिघा बागायतदारांनाही खरं काय ते सांगितलं.

लेख मागे घेतला गेला. म्हणजे तो पुसला जात नाही. जगात कुठंही उघडा, प्रत्येक पानावर तांबड्या अक्षरांत तसा शिक्का दिसतो. मुलाखत गेली. शिफा खूप रडली. साताऱ्याला फोन केला तर अब्बा एवढंच म्हणाले, "द्राक्षं दरसाल येतात, बेटा."

आली. पुढच्या मार्चात तिनं त्याच शेडमध्ये तोच रॅक पुन्हा भरला. दहाव्या दिवशी, ती साताऱ्याला गेलेली असताना, ढग आले आणि तीन दिवस हटले नाहीत. तिसऱ्या दिवशी बातमी कळताच शिफानं पहिली एसटी धरली, पण निम्म्या वाटेत तिला एकच प्रश्न पडला. मामांच्या ज्या हातांनी बावीस वर्षं शेडवरचा माल वाचवला, ते हात आपल्या रॅकपाशी स्वस्थ बसले असतील का?

शेडवर धांदल उडाली होती. माणसं ताडपत्र्या ओढत होती, कुणी काळा पडू लागलेला माल उपसत होतं, मालक नुसताच ओरडत होता. तिच्या रॅकपुढे मात्र क्रेट पालथा घालून सोपानमामा बसले होते. दोन्ही हात काखेत घट्ट दाबले होते. मागे खालचे तीन कप्पे काळे पडले होते. खांबावर खडूनं दिवस, वेळ आणि काळ्या कप्प्यांचे नंबर लिहिले होते.

"हात लावला न्हाई," मामा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मालक दोनदा म्हनला, सोपान, ते बग की. पोरं धावली, त्यास्नी बी हाकललं. लय वंगाळ वाटलं, ताई. डोळ्यांदेखत नासताना बगितलं. पर न्हाई लावला."

शिफाचं द्रावण हरलं होतं, ते तर लख्ख दिसत होतं, तरी तिला त्या काळ्या कप्प्यांपुढे हात जोडावेसे वाटले. एक खरी गोष्ट राखायला एका माणसाला आपलेच हात तीन दिवस धरून ठेवावे लागले होते. ती खाली बसली आणि काळे घड एकेक करून मोजू लागली. मामा शेजारी उकिडवे बसले.

तिसरा कप्पा संपल्यावर तिनं वही मिटली.

"मामा, नवा लेख लिहीन. ढगात हे द्रावण टिकत नाही, असं लिहीन. त्यात तुमचं नाव घालू?"

मामांनी काखेतले हात सोडवले, रॅककडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आता घाला," ते म्हणाले.