डाव्या गालावरचा तीळ

"हाच ना तो, ताई?" वहिनीने माझा दंड घट्ट धरला होता. "नीट ऐक आणि सांगून टाक एकदाचं."

चौकीत घामाचा वास होता, आणि त्यावर तो दुसरा. लाकडाला लावायच्या पॉलिशचा. काल भरदुपारी मी घरात एकटी असताना माझ्या गळ्यातली आईची साखळी ज्याने ओढली, त्याच्या हातांना हाच वास होता. तेव्हा कपाटावर आपटलेलं डोकं अजून ठणकत होतं.

"बाई, मी तुमचं घरसुद्धा पाहिलेलं नाही हो." पकडून आणलेल्या त्या माणसाचा आवाज पार बसलेला. रडून की मार खाऊन, देव जाणे.

"कांगावा पुरे," हवालदार खेकसला. "पॉलिशवाला, उंच, जोडलेल्या भुवया, डाव्या गालावर तीळ. बाईंनी सांगितलं तसंच सगळं आहे. बाई हो म्हणाल्या की आत टाकतो."

"आमच्या ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," दादा म्हणाला.

आमच्या घरात ही सवयच. दूधवाला असो, डॉक्टर असो, नाहीतर वहिनीच्या माहेरचं कुणी, मी आवाजावरून त्यांचं रंगरूप सांगते आणि सगळे वाहवा करतात. चुकलं तर हसून सोडून देतात. आंधळ्या बाईला कोण खोटं पाडणार? मीही शेफारले होते. काल हवालदाराला सांगताना तो चेहरा माझ्यापुढे लख्ख उभा होता.

दाराबाहेर त्याची बायको रडत होती. "घरी लहान पोर आहे हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"बोल ना, ताई!"

तीळ. अगं बाई, तीळ!

चोराचे हात मला कळले, श्वास कळला, वास कळला. पण तीळ? लहानपणी तापात माझे डोळे गेले. त्याआधी आमचा काका घरीच खुर्च्यांना पॉलिश करायचा. चिडला की मला फरफटत नेऊन अडगळीच्या खोलीत कोंडायचा. तीळ त्याच्या गालावर होता. भुवयाही त्याच्याच.

"साहेब, मी आंधळी आहे."

"ते दिसतंय मला."

"मग मला तीळ कुठून दिसला?"

दादा कानाशी कुजबुजला, "गप्प बस. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"नाही बसत गप्प! तो चेहरा आपल्या मेलेल्या काकाचा आहे, दादा. याचा आवाजसुद्धा मी आजच ऐकतेय. सोडा याला."

हवालदार चिडला, ओरडला, पण मी खुर्ची सोडली नाही. शेवटी त्यांनी त्याला जाऊ दिलं.

जाताना तो माझ्यासमोर थांबला. मी उठून हात जोडले, माफी मागितली. तो काहीतरी बोलायला पुढे झाला, तसा तो वास अंगावर आला आणि मी घाबरून वहिनीच्या मागे लपले. माझी मलाच लाज वाटली. पण समोर अजूनही काकाच उभा होता.