मी कातलेले तोफगोळे

मी लेथ बोलतोय. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवायचा आणि धारदार हत्यार लावून हवा तसा गोल कातायचा, हे माझं काम. कारखान्यात तिसऱ्या खिडकीपाशी मी उभा असतो.

माझा जन्म मात्र इथला नाही. सीमेपलीकडच्या देशात एका म्हाताऱ्या कारागिराने मला जुळवलं. माझ्या पाठीवरून तळवा फिरवून तो म्हणाला, "झकास. आता खुशाल जा." त्याच्या गावाचं नाव कोरलेली पितळी पट्टी माझ्या छातीवर होती. इथे त्या पट्टीचं कोण कौतुक! "तिकडचा माल आहे," असं फोरमन पाहुण्यांना मुद्दाम सांगायचा. या फोरमनला सगळे मामा म्हणत.

मला चालवणारा टर्नर ताडमाड उंच. त्याला वाकावं लागू नये म्हणून मला विटांच्या चौथऱ्यावर चढवलं होतं. आम्ही दोघं सायकलच्या चाकांचे आस करायचो. सुखाचे दिवस होते.

मग एका उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. कुठल्याशा लांबच्या शहरात एका युवराजाचा खून झाला होता.

"आपला काय संबंध?" टर्नर म्हणाला.

पण एका राज्याने दुसऱ्याला धमकावलं, दुसऱ्याच्या मदतीला तिसरं धावलं, तिसऱ्याला आधीच शब्द देऊन बसलेलं चौथं उतरलं. माघार घेणं सगळ्यांनाच कमीपणाचं वाटत होतं. महिना-सव्वा महिन्यात आपला संबंध आला. ज्या देशात मी जन्मलो, तोच शत्रू ठरला.

मामाने छिन्नीने माझी पट्टी उचकटून काढली. "रागावू नकोस बाबा," तो हळूच म्हणाला. "नाहीतर लोक तुलाच फोडतील."

टर्नर लढाईवर गेला. त्याच्या जागी त्याची बायको आली. बुटकी, बावरलेली. माझ्या चाकापर्यंत तिचा हात पोचेना.

"विटा काढून टाकतो, वहिनी," मामा म्हणाला.

"नको. ते आल्यावर पुन्हा चढवाव्या लागतील. मला उभं राहायला एक खोकं द्या."

त्या खोक्यावर ती चार वर्षं उभी राहिली. आता आस नव्हते, तोफगोळ्यांची कवचं होती. कवच किंचित जाड राहिलं तर गोळा तोफेतच अडकून आपलीच माणसं मरायची, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून माप घ्यायची.

शेजारच्या यंत्रावर एक मावशी होती. तिचे दोन्ही मुलगे आघाडीवर. एका सकाळी मामा टोपी काढून तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"कोणता, तेवढं सांगा," मावशी म्हणाली.

"धाकटा."

मावशीने हातातलं कवच पुसून खाली ठेवलं आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

"मावशी, हे ज्यांच्यावर पडतात, त्यांनाही आया असतीलच ना?" टर्नरच्या बायकोने एकदा विचारलं.

"काम कर," मावशी म्हणाली. पण त्या दिवशी तिचंही माप दोनदा चुकलं.

लढाई संपली. पुरुष परत येताहेत, जागा मोकळ्या करा, असं बायकांना सांगण्यात आलं. टर्नरही आला. डावा कान गेलेला, बोटं थरथरत असलेली. यंत्र त्याच्या हवाली करायला बायको बरोबर आली. मला फिरवणारा पट्टा सुरू झाला, मी घरघरलो आणि तो डोकं झाकून मटकन खाली बसला.

तिने मला थांबवलं आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"खंदकात माझ्यापासून चार हातांवर एक गोळा पडला होता," तो म्हणाला. "फुटलाच नाही. दिवसभर हलता येईना, म्हणून त्याच्याकडेच बघत होतो. काय सफाईदार कातकाम होतं! तिकडे अशा लेथवर कोण बसत असेल, हाच विचार मनात."

"बसत नाहीत. उभं राहावं लागतं," ती म्हणाली. "असेल माझ्यासारखीच कुणीतरी."

"तू किती केलेस?"

"मोजायचं सोडून दिलं."

त्याने तिचा काळवंडलेला हात हातात घेतला. मामा आला तेव्हाही सोडला नाही.

"मामा, मला आता माप साधणार नाही. हिला ठेवा."

"बायकांना काढायचा हुकूम आहे रे."

"मग कागदावर माझं नाव लिहा. काम ही करेल. मी तयार आस पुसून खोक्यांत भरत जाईन."

मामा चष्मा पुसत राहिला. "हल्ली कोण कुठे उभं आहे, ते मला नीट दिसत नाही," असं म्हणून तो निघून गेला.

सुरुवातीला मला चालू करण्याआधी ती त्याला अंगणात पाठवायची. पुढे तो दारापाशी थांबू लागला, मग आत. बारा वर्षांनी तिचे डोळे अधू झाले, तशी दोघं घरी बसली.

माझेही दात झिजलेत. नवं यंत्र येणार, मला भंगारात देणार, असं कानावर आलंय. माझी तक्रार नाही. वितळवून काहीतरी नवं कराल. मला 'नाही' म्हणता येत नाही, तोफगोळे कातायला लावले तेव्हाही आलं नव्हतं. म्हणून आधीच विनवतो. दाराची कडी करा, किटलीचं झाकण करा, पाळण्याची साखळी करा. कुणाच्या तरी घरात रोज हाताळलं जाईल, असं काहीही करा.