ऋणनिर्देशात न मावलेली मामी

मी संगणकावर पुस्तकांची पानं लावते आणि मामाचं पुस्तक फुकट लावते. फुकटचं काम सगळ्यात जास्त डोकं खातं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, निवृत्त होईपर्यंत सायकल दुरुस्ती शिकवणारा मास्तर. पुस्तकही त्याचंच, घरच्या घरी सायकल कशी दुरुस्त करावी याचं. पानं बत्तीस. त्यावर एक हवं असेल तर छापखाना चार वाढवतो, आणि मामाला चार पानं मोकळी दिली तर तो त्यात विमानही दुरुस्त करेल. म्हणून ऋणनिर्देशाला एकच पान.

त्या पानावरची चौकट तुडुंब भरली होती आणि तिच्या कोपऱ्यात लाल अधिकचं चिन्ह आलं होतं. याचा अर्थ मजकूर आहे, पण मावत नाही. जो मावत नाही तो दिसत नाही आणि छापलाही जात नाही.

आभार मानायची मामाची एक पद्धत आहे. आधी परके, मग ओळखीचे, सगळ्यात शेवटी घरचे. त्यामुळे मावत नव्हती ती नेमकी मामी. ती माझ्या मागे, मामाच्या शेजारी स्टुलावर चष्मा लावून बसली होती. 'यांच्या पुस्तकात माझ्याबद्दल छापून येतंय,' असं तिने तिन्ही बहिणींना फोन करून सांगितलं होतं.

मी अक्षराचा आकार बारावरून अकरावर आणला. सहा ओळींची जागा झाली.

"वा!" मामा खूश झाला. "आता पंक्चरवाल्याचं लिही. सोल्युशनची ट्यूब त्याने स्वतः घरी आणून दिली होती."

सहा ओळी गेल्या. मी समास कमी केला, तर तिथे शेजारी घुसला. त्याने हवा भरायचा पंप दिला होता. मग परतही नेला होता, तेही मामाला लिहायचं होतं. ओळी जवळ घेतल्या, तर मामाचे जुने साहेब येऊन पाय पसरून बसले. लाल चिन्ह जागचं हललं नाही.

छापखान्याचा फोन आला. पाचपर्यंत फाइल हवी. साडेचार वाजले होते आणि माझं डोकं फिरलं.

"मामा, एक माणूस कमी करा."

"कोणाला करू? प्रत्येकाला वाईट वाटेल."

"मला करा," मामी म्हणाली. "मी काय, घरचीच."

"बघ, किती समजूतदार!" मामा मला म्हणाला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. मी चौकटीची खालची कड धरली आणि पानाच्या बाहेर, रिकाम्या जागेत खेचली. दडलेला मजकूर उघडा पडला. एकच ओळ होती: 'पत्नीने वेळोवेळी चहा दिला.'

मामीने चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

"चहा?" ती म्हणाली. "अहो, एकतीस फोटो आहेत पुस्तकात. चेन चढवताना, ब्रेक आवळताना. हात कोणाचे आहेत त्यात?"

"तुझे," मामा पुटपुटला. "मी कॅमेरा धरला होता ना."

"दोन महिने नखांतलं ग्रीस निघत नव्हतं माझ्या." तिने पर्स उचलली. "जाते. चहा करायचा असेल ना!"

ती दारापर्यंत पोचली. मामाने आधी तिच्या पाठीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्याचे कान लाल झाले होते.

"सगळं पुसून टाक," तो म्हणाला.

"साहेबही?"

"साहेबही. पंपही."

मी सगळा मजकूर एकदम उडवला. एवढा आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही. मामी दारातच थांबली होती. मामाने घसा खाकरला आणि सांगायला लागला, "या पुस्तकातले सगळे हात माझ्या बायकोचे आहेत." ज्या माणसाला पंप परत नेल्याचंही ओळीच्या ओळी सांगता येतं, तो दुसऱ्या ओळीसाठी घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "चाक माझ्यापेक्षा ती सरळ बसवते. लिही. खरंच आहे ते."

पाचला पाच मिनिटं असताना फाइल गेली. लगेच छापखान्यातून फोन आला.

"मॅडम, ऋणनिर्देशाचा मजकूर गळालाय बहुतेक. दोनच ओळी आल्यात, बाकी पान कोरं आहे."

मी तोंड उघडण्याआधी मामीने माझ्या हातातून फोन घेतला.

"काही गळालेलं नाही," ती म्हणाली. "छापा."