अडतीस-बारा नंबरची गाडी

नांदेडच्या एकलारे ट्रान्सपोर्टला पंचावन्न वर्षं होत होती. सुकन्याचे मोठे दीर दयानंद यांनी कंपनीचा इतिहास वेबसाइटवर टाकायचं ठरवलं आणि लिहायचं काम आपल्या लेकीवर, उर्वीवर, सोपवलं. उर्वी लॅपटॉप घेऊन लातूरला आली, कारण लातूरची शाखा बावीस वर्षं तिची काकू सुकन्या सांभाळत होती.

"सुरुवातीचं आहे माझ्याकडे," उर्वी म्हणाली. "आजोबांनी भोकरहून कापसाच्या गाठी आणायला एक जुनी गाडी घेतली, तिथपासूनचं. दोन हजार तीनचं तू सांग."

"त्या साली तुझे काका गेले. अडतीस-बारा नंबरची गाडी घेऊन नांदेडला निघाले होते. लोह्याच्या अलीकडं समोरून टँकर आला. चौदावा दिवस झाला आणि मी इथं येऊन बसले. चाव्या माझ्याकडं होत्या अन् फोन वाजत होता."

माल कुठवर पोचला ते पार्टीला सांगावं, तसं तिनं सांगितलं.

"काका स्वतः का चालवत होते?"

"मलप्पा ड्रायव्हरला ताप आलेला."

"आणि ती गाडी?"

"नंतर अकरा वर्षं चालली की."

उर्वीची बोटं थांबली.

सासरे किशनराव तेव्हा गाडी भंगारात घालू का म्हणून विचारायला आले होते. सुकन्या म्हणाली होती, "केबिन गेलीय, चेसिस सरळ हाय. नवी केबिन बसवा." म्हाताऱ्यानं गाडी गॅरेजला पाठवली. पोरगी हबकलीय, रडली की मोकळी होईल, असं घरात सगळे म्हणायचे. तिनंही वाट बघितली. मग नवऱ्याचं, आनंदराजचं, वर्षश्राद्ध झालं, दुसरं झालं, आणि ती वाट बघायची विसरून गेली.

गाडी रंगवून आली तेव्हा एकही ड्रायव्हर तिच्यात बसेना. उदगीरचा मलप्पाच पुढं आला आणि त्यानं किल्ली मागितली. अकरा वर्षं ती मालाची बिल्टी-पावती त्याच्या हातात द्यायची, तो किती टन ते विचारायचा. दसऱ्याला गाडीला हार ती घालायची, नारळ तो फोडायचा. त्यापलीकडं दोघांत बोलणं नव्हतं.

"हे लिहू, काकू?"

"लिही. मलप्पाचं नावबी घाल. पण त्याला विचारते आधी."

उर्वी फोटो काढायला बाहेर गेली तेव्हा सुकन्यानं उदगीरला फोन लावला.

"माझं नाव नगं, अक्का," मलप्पा म्हणाला.

"का?"

 मागं त्याची बायको नीलम्मा कुणाशी तरी कन्नडात बोलत होती.

"मला त्या दिवशी ताप नव्हता. बिदरचे पाहुणे थोरल्या पोरीला बघायला येणार होते. मालक सुट्टी देतेत का न्हाई म्हणून खोटं बोललो."

"माहीत हाय मला."

"कवापासून?"

"नीलम्मा पोरीचं जमल्याचे पेढे घेऊन आली तवापासून. पाहुणे कधी येऊन गेले म्हणून सहज विचारलं, तर तिनं तारीख सांगितली. तवा गाडी गॅरेजातच होती अजून."

"तरी मला किल्ली दिली तुमी?"

काय सांगावं हे सुकन्यानं खरोखरच शोधून बघितलं. तेव्हा राग आला होता का? आठवेना. माफ केलं होतं, असंही नव्हतं. "गाडी उभी होती, मलप्पा," ती म्हणाली. "माल पडून होता."

तो रडायला लागला. तिनं फोन कानाला लावून ठेवला. आपल्यालाही आता काही होईल असं तिला वाटलं, पण कानाला फोनची ऊब तेवढी जाणवत राहिली.

"पोरगी बरी हाय ना?" तिनं विचारलं.

"बरी हाय. तिची लेक नर्स झाली."

"बरं झालं."

उर्वी आत आली ती उतरल्या तोंडानं. "बाबांचा फोन होता. म्हणाले, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या इतिहासात अपघात बरा दिसत नाही. 'दोन हजार तीनपासून लातूर शाखा श्रीमती सुकन्या एकलारे यांच्याकडे,' एवढंच लिहायचं. चालेल का तुला?"

"चालंल."

"आणि मलप्पाकाका?"

"त्याला नको हाय नाव."

उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुकन्यानं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि जेवून जा म्हणाली.

पुढच्या रविवारी सुकन्या एसटीनं उदगीरला गेली. कशाला, ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मलप्पानं ओट्यावर सतरंजी अंथरली आणि स्वतः खाली पायरीवर बसला. "वर बस," ती म्हणाली, तसा तो वर येऊन बसला. त्यानं नव्या गाड्या किती अॅव्हरेज देतात ते विचारलं. तिनं एकेका गाडीचं सांगितलं. त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही. नीलम्मानं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. सुकन्यानं दोन भाकरी खाल्ल्या, एरवी तिला एकही जात नसे, आणि चारच्या गाडीनं ती लातूरला परत आली.