दादाची तीन मिनिटं

आमच्या नगरपालिकेत जनसुनावणी असली की घंटा माझ्यापुढे असते. प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटं. अडीच झाली की मी एक टोला देते, तीन झाली की दोन देते आणि टेबलाखालचं बटण दाबून माईक बंद करते. एकवीस वर्षांत कितीतरी लोकांची वाक्यं मी अशी अर्ध्यात तोडली आणि घरी जाऊन निवांत जेवले. दादाचं तोडलं, त्याला आता चार महिने झाले.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तीस वर्षं त्याने शहराची बस चालवली. तीन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडखळायला लागलं. डोकं अगदी शाबूत आहे हो! शब्द त्याला माहीत असतो, ओठांवर येऊन उभा असतो, पण बाहेर पडायला वेळ लागतो. घाई केली की जास्तच अडकतो.

तो पुन्हा पायावर उभा राहिला तो नगरपालिकेच्या गरम पाण्याच्या तलावामुळे. आठवड्यातून तीनदा वहिनी त्याला घेऊन जायची. छातीभर पाण्यात तो काठीशिवाय चालायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाणी सुटलं तर पाय आखडेल, मग चाकाची खुर्ची. शहरात दुसरा तसला तलाव नाही.

आणि नेमका तोच तलाव स्टेडियमच्या आड आला.

झालं काय, फुटबॉल टीमच्या मालकाने पालिकेला कळवलं की जुनं स्टेडियम आता चालणार नाही. नवं बांधा, निम्मा खर्च तुम्ही करा, नाहीतर मी टीम घेऊन दुसऱ्या शहरात चाललो. अख्खं शहर हवालदिल. तिकिटांचे पैसे त्याचे, जाहिरातींचे पैसे त्याचे, पंचवीस वर्षांचं कर्ज तेवढं आपलं, असं मी ऑफिसात चहा पिताना अगदी हात नाचवून म्हणायचे. चहा पिताना मी भारी शूर असते. आराखडा आला तेव्हा कळलं की स्टेडियम जुन्याच जागी होणार, पण त्याच्या पार्किंगसाठी शेजारचा तलाव पाडणार.

दादा टीमच्या विरोधात होता असं कोणाला वाटू नये. मॅच असली की त्याच्याशी बोलायची सोय नसते. पण आराखडा बघून त्याला एक गोष्ट दिसली, जी तो आराखडा बनवायला लाखो रुपये घेणाऱ्या सल्लागारांना दिसली नव्हती. स्टेडियमच्या मागे जुना बस डेपो आहे. सहा वर्षांपासून बंद, जागा पालिकेचीच. सल्लागारांच्या नकाशात तो चालू दाखवला होता, कारण नकाशाच जुना! ज्याने तिथे तीस वर्षं रोज बस लावली त्याला कोण फसवणार? पार्किंग डेपोत करा, स्टेडियमही होऊ दे, तलावही राहू दे. एवढंच त्याला सांगायचं होतं. वहिनीने ते कागदावर उतरवून दिलं आणि तो पाठ करायला बसला. मी म्हटलं, "दादा, लेखी दे ना." तर म्हणाला, "कागद... कोण... वाचतं?" ते मात्र खरं. आमच्याकडे आलेले कागद कुठे जातात ते मला चांगलं ठाऊक आहे.

नाव नोंदवायला तो माझ्याच टेबलावर आला. अर्जात एक चौकट आहे. ऐकण्या-बोलण्याची अडचण असेल त्याला दुप्पट वेळ मिळतो. आलेल्या माणसाला विचारून त्या चौकटीत खूण करायची, हे माझं काम. त्याच सकाळी एका बहिऱ्या आजींना मी ओरडून ओरडून विचारलं होतं आणि खूण केली होती. मग दादा आला. त्याचा उजवा हात चालत नाही, म्हणून त्याचा अर्ज मी भरला. नाव, पत्ता, वय, विषय. चौकट कोरी ठेवली. त्याला विचारलंसुद्धा नाही.

का, ते सांगते. आदल्या दिवशी अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. "बाई, उद्या आठच्या आत आटपायचं. जादा वेळ ज्याला त्याला वाटत बसू नका," ते म्हणाले. मी निघाले तर मागून, "आणि तुमच्या बढतीची फाईल आहे हं माझ्याकडे. विसरलेलो नाही." झालं हे एक. दुसरं म्हणजे, मी मनाशी म्हटलं, सख्ख्या भावाला सवलत दिली असं कोणी बोलायला नको. किती छान वाटलं मला स्वतःबद्दल! पण ही दोन्ही कारणं मी नंतर रचून रचून पक्की केली. अर्ज भरताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. भरलेलं सभागृह, माईकसमोर दादा, ओठाच्या कोपऱ्यातून येणारी लाळ, एकेका शब्दासाठी वेडंवाकडं होणारं तोंड, आणि सगळं ऑफिस बघतंय की हा हिचा भाऊ. सहा मिनिटं हे बघत बसायचं? मला त्याची लाज वाटली. ज्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून मी शाळेत मिरवत जायचे, त्या माझ्या भावाची.

सुनावणीला पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या चार रांगांत टीमची जर्सी घातलेली शाळेची मुलं आणून बसवली होती. मालकाचा माणूस पंचेचाळीस मिनिटं बोलला. त्याला घंटा नाही, कारण ते भाषण नसतं, सादरीकरण असतं. हा नियम कोणी केला देव जाणे, पण टाईप मी केलाय. किती नोकऱ्या मिळणार, किती हॉटेलं चालणार, पडद्यावर रंगीत चित्रं. मुलं सांगितल्यासारखी टाळ्या वाजवत होती. मग नागरिक. बहिऱ्या आजी सहा मिनिटं आवाजाच्या त्रासावर बोलल्या, म्हणजे बघा.

दादा एकोणिसावा. वहिनीने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता. काठी टेकत माईकपर्यंत यायलाच वेळ लागला, पण तेवढं तरी मी मोजलं नाही.

"टीम... माझी... आहे," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बरं वाटलं असावं, पुढची दोन वाक्यं बऱ्यापैकी आली. पाणी, पाय, तलावावर येणारी त्याच्यासारखी चाळीस माणसं. मग मी अडीच मिनिटांचा टोला दिला आणि तो दचकला. दचकला की त्याचं सगळंच अडकतं, हे मला माहीत होतं. "त्या... च्या... मागे... डे... डे..." मागून कोणीतरी फिसकन हसलं. दादाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बस सोडायच्या आधी ड्रायव्हर कंडक्टरकडे बघतो ना, तसं. मी दोन टोले दिले आणि बटण दाबलं.

तो तरीही बोलत राहिला. ओठ हलत होते, आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. शेवटी शिपायाने दंड धरून त्याला जागेवर नेलं.

नागरिकांची पाळी संपली की सभागृहातून कोणाला तोंड उघडता येत नाही. मतदानाआधी एक नगरसेविका उठल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, कोणत्याच गटाच्या नाहीत. पाच इकडे, पाच तिकडे, आणि या मधे. त्यांनी विचारलं, "तलाव वाचवून पार्किंग दुसरीकडे होईल, असं कोणी काही सुचवलंय का?"

सल्लागार म्हणाला, "सगळे पर्याय तपासले, मॅडम."

त्या माझ्याकडे वळल्या. "लेखी काही आलंय का, बाई?"

दादाच्या शर्टाच्या खिशात तो कागद होता. मला इथून त्याची घडी दिसत होती. नुसतं "बस डेपो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "नाही. लेखी काही आलेलं नाही." खोटं होतं का? अजिबात नव्हतं. असलं खरं बोलायला आम्हाला पगार मिळतो.

डॉक्टरबाईंनी थोडा वेळ पेन बोटात फिरवलं आणि आराखड्याच्या बाजूने हात वर केला. सहा विरुद्ध पाच.

महिन्याभरात तलावाचं पाणी सोडून दिलं, दोन महिन्यांत पाडला. माझी बढती झाली. दादा घरात दोनदा पडला, दुसऱ्यांदा कमरेवर. पाय आखडला, डॉक्टर म्हणाले होते अगदी तसाच. आता तो चाकाच्या खुर्चीत असतो आणि वहिनीची पाठ गेली आहे त्याला उचलून उचलून. मी दर रविवारी जाते, फळं नेते, औषधांची बिलं भरते आणि वहिनी मला म्हणते, "तुम्ही आहात म्हणून बरं." ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटतं.

गेल्या रविवारी राहवलं नाही. दुपार होती, वहिनी आत झोपली होती, टीव्हीवर मॅच लागली होती. मी आवाज बंद केला आणि म्हणाले, "दादा, तुला दुप्पट वेळ मिळाला असता. अर्जात चौकट होती. मी खूण केली नाही."

त्याचं तोंड हलायला लागलं. मी थांबले. त्याला जितका वेळ लागेल तितका लागू दे, म्हटलं, शिव्या घातल्या तरी पुऱ्या ऐकून घ्यायच्या.

"मा... हीत आहे," तो म्हणाला. "हात... गेलाय. डोळे... आहेत की. तू... लिहिताना... वाचलं मी."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं... हिला... खात्री आहे. दादा... तीन मिनिटांत... करेल." तो हसला, तोंडाच्या एका बाजूने. "बाकी सगळे... डबल वेळ... घ्या म्हणायचे. तू... एकटी... तसं... नाही म्हणालीस. म्हणून... जोर... लावला. घरी... एकदा... जमलं होतं. दोन... पन्नास." मग मान खाली घालून म्हणाला, "तिथे... नाही... जमलं. तुझ्या... ऑफिसात... तुला मान... खाली... घालायला लावली मी. माफ... कर."

लाज वाटली होती रे मला तुझी, म्हणून नाही केली खूण. एवढं एक वाक्य होतं. ते सांगायलाच तर मी आले होते.

"होती ना... खात्री?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो रे दादा. पूर्ण खात्री होती."

त्याचा चेहरा असा काही खुलला की खरं सांगायची सोयच उरली नाही. त्याने डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली आणि मॅचचा आवाज वाढवायला सांगितला.